कापडी हँडबॅगचा एचएस कोड कसा ठरवायचा: ४२०२.२२ पर्यंत आणि त्यापुढे

इनव्हॉइसवर ‘लेडीज बॅग, फॅब्रिक’ एवढंच लिहिलेलं असतं आणि शेजारी पुरवठादाराने स्वतःच्या देशाचा आठ किंवा दहा आकडी एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाचा वर्ग सांगणारा आकडा, टाकलेला असतो. तो जसाच्या तसा उचलून आयात घोषणापत्रात टाकायचा, हा हँडबॅगच्या आयातीतला सगळ्यात महागडा आळस. त्या कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. पुढचे आकडे मात्र ज्या त्या देशाचे. शिवाय पहिले सहा तरी पुरवठादाराने नीट पाहून लिहिलेत याची खात्री काय? निर्यातीवर सहसा शुल्क नसतं, त्यामुळे तिकडे कोड चुकला तरी कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आयातदाराचं.

बॅगचा कोड तिच्या नावावरून ठरत नाही. ती कशासाठी बनली आहे आणि तिची बाहेरची त्वचा कशाची आहे, या दोन गोष्टींवर तो ठरतो. प्रश्न मात्र ठरावीक क्रमानेच विचारावे लागतात. क्रम उलटा झाला की बरोबर माहिती हातात असूनही उत्तर चुकतं.

आधी कोडची रचना

एचएस, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिम, १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. ब्रुसेल्समधली जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते आणि साधारण दर पाच-सहा वर्षांनी नवी आवृत्ती काढते. सध्या २०२२ची आवृत्ती चालू आहे, पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागू होईल. जुन्या फाइलमधला कोड उचलताना तो कोणत्या आवृत्तीतला आहे, हे आधी बघावं.

४२०२.२२ मध्ये ४२ हे प्रकरण, ४२०२ हे हेडिंग आणि ४२०२.२२ हे सब-हेडिंग. ४२व्या प्रकरणाच्या नावात ‘चामड्याच्या वस्तू’ असल्याने कापडी बॅग तिथे कशी, असा प्रश्न नवख्याला पडतोच. मग तो कापडाच्या प्रकरणांत, ६३व्यात, शोधाशोध करतो. तिथे जायची गरज नाही. कापडाचा जो विभाग आहे, विभाग ११, त्याच्या पहिल्याच टिपेत लिहिलंय की ४२०१ आणि ४२०२ मधल्या कापडी वस्तू या विभागात येत नाहीत. म्हणजे वस्तू ४२०२ मध्ये बसली तर ६३०७ चा (इतर तयार कापडी वस्तू) विषय तिथेच संपला. ‘दोन्हीकडे बसते, मग कमी शुल्काचं घ्या’ असा पर्याय उरत नाही.

टेबलावर काय हवं

कोड ठरवायला बसण्यापूर्वी शक्यतो प्रत्यक्ष नमुना मागवा. फोटोवरून पीयू (पॉलियुरेथेन, एक प्लास्टिक) आणि चामडं ओळखणं हा जुगार आहे. नमुन्यासोबत कारखान्याकडून साहित्याची यादी घ्या. त्यात बाहेरचं कापड, अस्तर, मधला फोम, पट्टे, पायपिंग, धातूचे भाग, प्रत्येकाचं नाव आणि वजन हवं. बाहेरच्या कापडाबद्दल चार गोष्टी वेगळ्या विचारा: तंतूंचं वजनानुसार प्रमाण, प्रति चौरस मीटर वजन, ते विणलेलं, निटेड की नॉन-वोव्हन आहे, आणि कोटिंग असेल तर कोणत्या बाजूला. शेवटचा प्रश्न कारखान्यांना क्षुल्लक वाटतो आणि उत्तर येतं ‘पीयू कोटेड’. कोणत्या बाजूला, हे पुन्हा विचारा. अख्खा कोड कधीकधी त्या एका शब्दावर उभा असतो.

लांबी, उंची, रुंदी, बंद करायची सोय (झिप, चुंबक, दोरी, की उघडं तोंड), आतले कप्पे आणि विक्रीच्या पानावरचं वर्णन हेही जवळ ठेवा. वर्णनात ‘ग्रोसरीसाठी उत्तम’ लिहिलेलं असेल आणि तुम्ही ती हँडबॅग म्हणून घोषित केली असेल, तर अधिकारी आधी तेच पान तुमच्यासमोर ठेवेल.

पहिली पायरी: बॅग ४२०२ मध्ये शिरते का?

४२०२ हेडिंगचा मजकूर एका लांबलचक वाक्याचा आहे आणि त्या वाक्याच्या मधोमध एक अर्धविराम आहे. तो डोळ्यांत तेल घालून वाचायचा. अर्धविरामाच्या आधी ट्रंक, सुटकेस, ब्रीफकेस, शाळेची दप्तरं, चष्म्याची, कॅमेऱ्याची, वाद्यांची घरं वगैरे येतात. ही कोणत्याही साहित्याची चालतात. म्हणून अॅल्युमिनियमची सुटकेसही ४२०२. अर्धविरामानंतर प्रवासी बॅगा, रकसॅक, हँडबॅग, शॉपिंग बॅग, पाकिटं, पर्स येतात, आणि यांना साहित्याची अट आहे: चामडं किंवा कंपोझिशन लेदर (चामड्याच्या तुकड्यांपासून, तंतूंपासून बनवलेलं), प्लास्टिकचं शीटिंग, कापड, व्हल्कनाइज्ड फायबर, पुठ्ठा, किंवा या साहित्याने वा कागदाने पूर्णपणे अथवा मुख्यत्वे मढवलेली वस्तू.

हँडबॅग अर्धविरामाच्या उजवीकडे आहे. त्यामुळे साच्यात ओतलेल्या कडक प्लास्टिकची पार्टी क्लच दिसायला हँडबॅग असली तरी ४२०२ मध्ये येत नाही, कारण साच्यातलं प्लास्टिक म्हणजे शीटिंग नव्हे. आतून सॅटिनचं अस्तर लावलेली लाकडी पेटी-बॅगही येत नाही. पण तीच लाकडी पेटी बाहेरून रेशमी कापडाने मढवली की आत येते. अस्तराला इथे काडीची किंमत नाही, बाहेरून काय आहे ते महत्त्वाचं.

कापडी बॅगांच्या बाबतीत खरी अडचण येते ती ‘हे कापड आहे का’ या प्रश्नावर. चार प्रकार वारंवार फसवतात.

पहिला, विणीच्या बॅगा. ४२व्या प्रकरणाच्या टिपेनुसार प्लेटिंगच्या, म्हणजे गुंफणीच्या, साहित्याच्या वस्तू ४२०२ मध्ये नाहीत, त्या ४६०२ मध्ये जातात. गवत, वेत, बांबू, राफियाची पानं, कागदाच्या सपाट पट्ट्या, न कातलेले नैसर्गिक तंतू हे प्लेटिंगचं साहित्य. कातलेलं सूत मात्र नाही. म्हणून ज्यूटच्या सुतापासून विणलेल्या कापडाची बॅग ४२०२ मध्ये राहते, आणि राफियाच्या पट्ट्या गुंफून केलेली, रंगरूपाने जवळजवळ तशीच दिसणारी बॅग ४६०२ मध्ये जाते. कागदाच्या बाबतीत ही रेषा आणखी बारीक आहे. कागदाची सपाट पट्टी हे प्लेटिंग साहित्य, पण तीच पट्टी पीळ देऊन दोऱ्यासारखी केली की ते कागदी सूत, म्हणजे वस्त्रसाहित्य. क्रोशाची ‘स्ट्रॉ बॅग’ हाती आली तर एक टोक उसवून पाहा. पीळ सुटून चपटी पट्टी बाहेर आली तर ते कागदी सूत होतं. मुळातच चपटं असेल तर प्रकरण ४६.

दुसरा, प्लास्टिकच्या पट्ट्यांची वीण. इथे मोजपट्टी लागते. पॉलिप्रॉपिलीनसारख्या कृत्रिम पट्टीची दिसणारी रुंदी ५ मिमीपर्यंत असेल तर ती वस्त्रसाहित्य (प्रकरण ५४), त्याहून जास्त असेल तर नाही. मोनोफिलामेंटसाठी (एकेरी अखंड तंतू) ही सीमा छेदाचं माप १ मिमी. रुंदी मोजायची ती पट्टी विणीत जशी दिसते तशी, म्हणजे दुमडली किंवा पिळली असेल तर दुमडलेलीच. ५ मिमीच्या आतल्या पट्टीची बॅग कापडी, ६ मिमी पट्टीची गुंफलेली बॅग प्लेटिंगची. फट म्हणता ब्रह्महत्या म्हणतात ती अशी.

तिसरा, नॉन-वोव्हन. पॉलिप्रॉपिलीनचं नॉन-वोव्हन हाताला कागदासारखं लागतं आणि रासायनिक दृष्ट्या ते प्लास्टिकच आहे, तरी वर्गीकरणात ते कापड. ‘पीपी बॅग’ हे नाव वाचून तिला प्लास्टिकच्या रांगेत उभं करू नका. एक सूट आहे तिचाही इथे गोंधळ होतो: हँडल असलेल्या, फार काळ वापरायच्या नसलेल्या प्लास्टिक शीटिंगच्या बॅगा ४२०२ मधून वगळून ३९२३ मध्ये टाकल्या आहेत. ही सूट फक्त प्लास्टिक शीटिंगला आहे. कापडी बॅगेला तिचा थेट आधार घेता येत नाही.

चौथा, जाळीची बॅग. गाठी मारून केलेल्या जाळ्यापासून तयार केलेल्या वस्तू ५६०८ मध्ये जातात, कारण ४२व्या प्रकरणाच्या टिपेत त्या नाव घेऊन वगळल्या आहेत. क्रोशाने किंवा निटिंगने केलेली जाळीदार वीण मात्र गाठीचं जाळं नव्हे. दोऱ्या एकमेकींना ओलांडतात तिथे खरोखर गाठ आहे का, हे भिंगातून बघा.

आणखी एक टोक राहतं. साधी, बिनअस्तराची, दोरी ओढून बंद होणारी पातळ कापडी थैली, जी फक्त माल भरून द्यायला असते. ती ४२०२ मधल्या वस्तूंसारखी नसेल तर पॅकिंगच्या पिशव्यांचं ६३०५ किंवा इतर तयार कापडी वस्तूंचं ६३०७ पाहावं लागतं. पण शिवण दुहेरी, कापड जाड, पट्टा खांद्यावर घेण्याजोगा असेल, तर तिला पॅकिंग म्हणणं कोणी मान्य करणार नाही.

मोती, रत्नं, सोन्या-चांदीचे भाग लावलेले असले तरी घाबरायचं कारण नाही. ते भाग किरकोळ सजावटीपेक्षा जास्त असले तरी बॅग ४२०२ मध्येच राहते, जोवर वस्तूचं मूळ स्वरूप त्या भागांमुळे ठरत नाही. ते ठरलं, तर प्रकरण ७१.

दुसरी पायरी: ही हँडबॅग आहे का?

४२०२ चे चार गट आहेत. ४२०२.१ मध्ये ट्रंक, सुटकेस, ब्रीफकेस, दप्तरं आणि तत्सम. ४२०२.२ मध्ये हँडबॅग, खांद्याचा पट्टा असो वा नसो, हँडल नसलेल्याही. ४२०२.३ मध्ये खिशात किंवा हँडबॅगेत ठेवायच्या वस्तू. ४२०२.९ मध्ये बाकी सगळं. वाद जवळजवळ नेहमी .२ आणि .९ मध्ये होतो.

हँडबॅगची व्याख्या एचएसमध्ये दिलेली नाही. त्यामुळे रोजच्या व्यवहारातला अर्थ लागतो: पैसे, फोन, किल्ल्या, सौंदर्यप्रसाधनं अशा वैयक्तिक चीजवस्तू रोज अंगाबरोबर नेण्यासाठीची बॅग. कोणत्या खुणा हँडबॅगच्या बाजूने बोलतात? तोंड बंद होणं, अस्तर, आतला छोटा झिपचा कप्पा, मध्यम आकार, आकार टिकवणारी बांधणी, पट्ट्यावरचं शिवणकाम. उलट बाजूने बोलणाऱ्या खुणा म्हणजे उघडं तोंड, बिनअस्तर, मोठा घेर, पातळ एकेरी कापड, जाहिरातीचा मोठा छापा. एकटी खूण निर्णायक नसते. झिप नसलेल्याही हँडबॅगा असतात, आणि झिप असलेल्या शॉपिंग बॅगाही.

‘टोट’ हा शब्द मात्र पूर्णपणे निरुपयोगी. सॅटिनचं अस्तर, आत तीन कप्पे आणि चुंबकी बटण असलेल्या कडक बैठकीच्या बॅगेलाही टोट म्हणतात, आणि दुकानात फुकट वाटायच्या कॅनव्हासच्या पिशवीलाही. पहिली बहुधा ४२०२.२२, दुसरी शॉपिंग बॅग म्हणून ४२०२.९२. इनव्हॉइसवर नुसतं टोट असेल तर वर्णन दुरुस्त करून घ्या.

बाकीचे झटपट: पाठीवरची बॅग कितीही छोटी आणि नाजूक असली तरी रकसॅक, म्हणजे ४२०२.९२. लॅपटॉप आणि कागदपत्रांसाठीची बॅग ब्रीफकेसच्या जातीची, ४२०२.१२ कडे जाते. थंड ठेवणारी डब्याची बॅग ४२०२.९२. हातात धरायची क्लच हँडबॅगच, कारण हँडल नसलेल्याही स्पष्टपणे धरल्या आहेत. पण तीच क्लच लहान होत होत नोटा-कार्डांचं पाकीट झाली की ४२०२.३२. सीमा कुठे? त्यात फोनसह चार वस्तू मावतात आणि ती स्वतंत्रपणे घेऊन फिरता येते का, की ती दुसऱ्या बॅगेच्या पोटातच राहणार, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

तिसरी पायरी: बाहेरची त्वचा

हँडबॅग ठरली की तीन सब-हेडिंग समोर येतात: बाहेरचा पृष्ठभाग चामड्याचा किंवा कंपोझिशन लेदरचा असेल तर ४२०२.२१, प्लास्टिक शीटिंगचा किंवा कापडाचा असेल तर ४२०२.२२, बाकीच्यांसाठी ४२०२.२९. लक्षात घ्या, प्लास्टिक आणि कापड सहा आकड्यांवर एकाच घरात आहेत. त्यामुळे पुष्कळ जण इथे सैल पडतात, आणि खरं घोडं पेंड खातं ते पुढच्या आकड्यांवर, कारण तिथे अनेक देशांनी दोघांना वेगळं केलंय.

कोटिंग केलेल्या कापडाचा साधा नियम: बाहेरून नुसत्या डोळ्यांनी जे दिसतं तो बाहेरचा पृष्ठभाग, मग तो अनेक थरांपैकी फक्त वरचा थर का असेना. ६००डी (डी म्हणजे डेनियर, दोऱ्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टरला आतल्या बाजूने पीव्हीसी लावलेलं असतं. बाहेर वीण दिसते, म्हणून कापड. तेच कापड उलटं वापरून पीव्हीसीची बाजू बाहेर आणली की प्लास्टिक. छापील कॅनव्हासवर बाहेरून पीव्हीसीचा थर असलेली बॅग हात लावला की गुळगुळीत लागते आणि पाणी थेंबांनी ओघळतं. तिला कॅनव्हास बॅग म्हणून विकतात, तरी पृष्ठभाग प्लास्टिकचाच.

‘पीयू लेदर’ आणि ‘व्हेगन लेदर’ ही नावं आली की ४२०२.२१ विसरा. कापडावर पीयूचा थर, तो बाहेर, म्हणून प्लास्टिक शीटिंग. ओळखायला कापलेली कड दहापट भिंगाखाली धरा. खाली विणलेल्या किंवा निटेड कापडाचे दोरे आणि वर एकसंध पातळ थर दिसला तर पीयू. खऱ्या चामड्यात एकमेकांत गुंतलेले तंतू खालपासून वरपर्यंत दिसतात. उलटी अडचणही येते: खऱ्या चामड्यावर संरक्षणासाठी प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. तो डोळ्यांना न दिसणारा, साधारण ०.१५ मिमीपेक्षा पातळ असेल तर चामडं चामडंच राहतं. रंग किंवा चकाकी बदलली म्हणून फरक पडत नाही.

मणी आणि टिकल्यांनी गच्च भरलेल्या संध्याकाळच्या बॅगांमध्ये खालचं कापड दिसतच नसेल तर पृष्ठभाग ना कापडाचा, ना शीटिंगचा, म्हणून ४२०२.२९ तपासायला हवं. चार ठिकाणी भरतकाम आणि मधूनमधून मणी असतील तर कापडच.

चौथी पायरी: मिश्र पृष्ठभाग, मोजून

खालचा भाग चामड्याचा आणि वरचा कॅनव्हासचा, अशा बॅगा खूप येतात. इथे जीआयआर, म्हणजे एचएसचा अर्थ लावण्याचे सर्वसाधारण नियम, यांतल्या नियम ६ नुसार सब-हेडिंगच्या पातळीवर नियम ३(ख) लावतात: वस्तूला मूळ स्वरूप कोण देतं? पृष्ठभागाचं क्षेत्रफळ हा सर्वांत भक्कम पुरावा, म्हणून ते मोजून फाइलला लावावं.

एक बॅग घेऊ. लांबी ३४ सेंमी, उंची ३०, रुंदी १२, वरचं तोंड झिपचं. पुढची आणि मागची बाजू मिळून २ × ३४ × ३० = २०४० चौ. सेंमी. दोन्ही कडांच्या बाजू २ × १२ × ३० = ७२०. तळ ३४ × १२ = ४०८. एकूण ३१६८. आता तळ पूर्ण चामड्याचा आणि चारही बाजूंनी खालून ८ सेंमी उंचीची चामड्याची पट्टी. घेर ९२ सेंमी, म्हणून पट्टी ७३६ चौ. सेंमी, तळ धरून ११४४. म्हणजे चामडं ३६ टक्के, कॅनव्हास ६४ टक्के. बॅग ४२०२.२२.

पुढच्या हंगामात डिझायनरने पट्टी ८ वरून १३ सेंमी केली. आता ११९६ + ४०८ = १६०४, म्हणजे ५०.६ टक्के चामडं. स्टाइल नंबर तोच, नाव तेच, ‘कॅनव्हास टोट’ हे वर्णनही तेच, आणि बॅग ४२०२.२१ च्या उंबरठ्यावर. जुना कोड चालू ठेवणाऱ्याला हे कळतं तेव्हा सहसा नोटीस आलेली असते. म्हणून स्टाइल नंबरवर कोड चिकटवून ठेवू नका. साहित्याची यादी बदलली की वर्गीकरण पुन्हा करा. अशा अर्ध्या-अर्ध्या बॅगेत क्षेत्रफळ एकटं पुरत नाही. कोणतं साहित्य नजरेत भरतं, कशावर विक्री होते, कोण भार पेलतं, हे लिहावं लागतं. तरीही दोघे खरोखर समान राहिले तर नियम ३(ग): क्रमाने शेवटी येणारं, म्हणजे ४२०२.२१ आणि .२२ पैकी .२२.

मोजताना हँडल, पट्टा, पायपिंग, झिप, बकल हे सहसा बाजूला ठेवतात, अस्तर तर येतच नाही. बॅग बंद, जशी हातात असते तशी धरून मोजायची. बाहेरून शिवलेल्या खिशाने झाकलेला भाग दोनदा धरू नका. आणि प्रत्येक पॅनेलची मापं लिहून फोटो काढा, नाहीतर सहा महिन्यांनी विचारणा झाली की नमुना सापडत नाही आणि हाती नुसता ‘अंदाजे ६० टक्के’ उरतो.

पाचवी पायरी: देशाचे पुढचे आकडे आणि तंतू

सहा आकड्यांपर्यंतचा रस्ता सगळ्यांचा एक. पुढे प्रत्येक देशाने आपापली गल्ली काढली आहे. युरोपीय संघात ४२०२ २२ १० प्लास्टिक शीटिंगसाठी, ४२०२ २२ ९० कापडासाठी. भारताच्या दरपत्रकात प्लास्टिक, सूती आणि ज्यूटच्या हँडबॅगांना वेगवेगळे आठ आकडे आहेत. अमेरिकेने तर तंतूंपर्यंत फोड केली आहे. तिथे पाइल (मखमलीसारखे उभे दोरे) नसलेल्या सूती कापडाच्या हँडबॅगला ४२०२.२२.४५ खाली मूळ दर ६.३ टक्के, कृत्रिम तंतूंच्या बॅगेला ४२०२.२२.८१ खाली १७.६ टक्के, आणि प्लास्टिक शीटिंगच्या पृष्ठभागाला ४२०२.२२.१५ खाली १६ टक्के. मूळ देशानुसार लागणारी जादा शुल्कं याच्या वर.

सूत (इथे कापूस) आणि पॉलिएस्टर मिश्र कापडात ५५ टक्के सूत असेल आणि माल १०,००० डॉलरचा असेल, तर या मूळ दराने शुल्क ६३० डॉलर. तेच प्रमाण उलटं निघालं तर १,७६०. म्हणूनच मिश्र कापडात तंतूंचं प्रमाण कारखान्याच्या तोंडी शब्दावर सोडायचं नसतं. हे प्रमाण वजनानुसार धरतात, आणि तेही बाहेरच्या कापडाचं. अस्तर पॉलिएस्टरचं आणि बाहेरचं सूती असेल तर बॅग सूती. पुष्कळ लेबलांवर ‘५०% कॉटन, ५०% पॉलिएस्टर’ असं अख्ख्या बॅगेचं प्रमाण छापलेलं असतं, त्याचा इथे उपयोग नाही.

घरगुती तपासणीसाठी दोरा जाळून बघता येतो: सूत कागदासारखं जळून मऊ राखाडी राख सोडतं, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. पण मिश्र कापडात ही चाचणी दोन्ही असल्याचं सांगते, किती ते सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत आयएसओ १८३३ मालिकेतली रासायनिक पद्धत वापरतात. सूत-पॉलिएस्टरसाठी ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात सूत विरघळवून उरलेलं पॉलिएस्टर तोलतात. नमुना पाठवताना बाहेरचं कापड अस्तरापासून आणि फोमपासून उसवून वेगळं द्या. चिकटवलेला थर तसाच गेला की अहवाल अख्ख्या सँडविचचा येतो, आणि तो सादर केला तर स्वतःच्याच हाताने अडचण ओढवून घेतल्यासारखं होतं.

बाहेर दोन वेगळी कापडं, समजा पुढे सूती कॅनव्हास आणि बाजूंना नायलॉन, असतील तर क्षेत्रफळ आणि वजन दोन्ही लिहून ठेवा. दोन्ही एकाच बाजूला झुकत असतील तर प्रश्नच नाही. झुकत नसतील, तर ही बॅग सीमाशुल्क खात्याकडे आगाऊ निर्णयासाठी पाठवण्याच्या लायकीची आहे.

सोबत येणारी वरकड

हँडबॅगेला आत साखळीने अडकवलेलं छोटं पाउच असेल, एकमेकांना पूरक आणि सहसा वेगळं न विकलं जाणारं, तर ते बॅगेबरोबरच जातं. पण एकाच पारदर्शक पिशवीत भरलेल्या तीन स्वतंत्र बॅगा म्हणजे ‘किरकोळ विक्रीचा संच’ होत नाही. संचासाठी वस्तू वेगवेगळ्या वर्गात मोडणाऱ्या, एकाच गरजेसाठी किंवा कामासाठी एकत्र ठेवलेल्या आणि पुन्हा न बांधता ग्राहकाला देता येतील अशा हव्यात. हँडबॅग आणि तिच्याच जोडीचं पाकीट यावर वाद होतो. रुमाल आणि चॉकलेटसह दिली तर तो उघडउघड भेटवस्तूंचा गठ्ठा, प्रत्येकाचं वर्गीकरण वेगळं.

धुळीपासून जपण्यासाठीची कापडी थैली बॅगेसोबत आली तर नेहमीचं पॅकिंग म्हणून बॅगेच्याच कोडखाली जाते. वेगळ्या खोक्यात हजार थैल्या आल्या तर नाही, तेव्हा ६३०७ बघा.

सुटे भाग हा वेगळा सापळा. ४२०२ च्या मजकुरात ‘भाग’ हा शब्दच नाही. बदलायचा चामड्याचा पट्टा एकटा आयात केला तर ४२०५, कापडी पट्टा ६३०७, साध्या धातूची क्लॅस्प असलेली फ्रेम ८३०८, त्या फ्रेममध्ये कुलूप असेल तर ८३०१, झिप ९६०७. उलट कापलेली सगळी पॅनेल्स, पट्टा, फ्रेम एकाच वेळी जोडणीसाठी आली आणि त्यातून पूर्ण बॅगच होणार असेल, तर नियम २(क) ने ती बॅगच धरली जाते. ‘कापडाचे तुकडे’ म्हणून ती उतरवता येत नाही.

घोषणापत्रावर काय लिहायचं

वर्णन असं हवं की अधिकाऱ्याला खोका न उघडता कोड पटावा. ‘महिलांची हँडबॅग, बाहेरचा पृष्ठभाग विणलेल्या सूती कापडाचा (१०० टक्के सूत, ३४० ग्रॅम प्रति चौ. मी., बाहेरून कोटिंग नाही), पॉलिएस्टर अस्तर, झिप, ३४ × ३० × १२ सेंमी’ एवढी ओळ पुरते. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर आणि पॅकिंग लिस्टवर हीच ओळ छापून घ्या. तिथे ‘लेदर टोट’ आणि तुमच्या घोषणापत्रात ‘कापडी हँडबॅग’, असा विरोधाभास हेच तपासणीचं सर्वांत सामान्य निमंत्रण.

सीमेवरच्या बॅगांसाठी, आणि एकच स्टाइल हजारोंनी येणार असेल तर सगळ्यांसाठीच, माल निघण्यापूर्वी त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याकडून आगाऊ निर्णय घ्यावा. जागतिक व्यापार संघटनेच्या २०१७ मध्ये लागू झालेल्या व्यापार सुलभीकरण कराराने सदस्य देशांना ही सोय ठेवणं बंधनकारक केलं आहे. अर्जासोबत नमुना, पॅनेलची मापं, प्रयोगशाळेचा अहवाल आणि तुमचा स्वतःचा तर्क द्या: आधी हेडिंग का, मग सब-हेडिंग का, मग पुढचे आकडे का. दुसऱ्या देशाने तशाच बॅगेवर दिलेला निर्णय जोडता येतो, तो वाचला जातो, पण बंधनकारक नसतो. आणि निर्णय ज्या नमुन्यावर मिळाला, त्याच्या साहित्यात बदल झाला की तो नव्या बॅगेला लागू होत नाही. पट्टी ८ ची १३ सेंमी झालेल्या त्या कॅनव्हास टोटसाठी नवा अर्ज करावा लागेल.